नसलेल्या गावाचा नकाशा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आठवीच्या वर्गात मी एक उपक्रम घेतला. चार चार्ट पेपर चिकटवून एक मोठा कागद केला, तो वर्गाच्या जमिनीवर अंथरला आणि मुलांना सांगितले, जे गाव कुठेच नाही ते गाव इथे वसवायचे. सगळ्यांनी मिळून. नियम दोनच. दुसऱ्याने काढलेले खोडायचे नाही, आणि जे काढाल ते तिथे का आहे हे सांगता आले पाहिजे.

पहिली रेघ नदीची पडली. आमच्या तिसगावच्या मुलांना पाण्याची भूक असतेच. मग धरण आले, एस.टी. स्टँड आला, आठवडे बाजार आला, क्रिकेटचे मैदान आले. एका मुलीने शाळेला लागूनच दवाखाना काढला. का, तर अम्मीला घेऊन पाथर्डीला जावे लागते आणि त्या दिवशी शाळा बुडते. मढीची यात्रा मुलांनी पाहिलेली, म्हणून टेकडीवर देऊळ आले आणि पायथ्याला यात्रेचे मैदान आले. दूध संकलन केंद्र आले, कब्रस्तान आले. दुसऱ्या दिवशी कागद जवळजवळ भरला तेव्हा माझ्या लक्षात आले की या गावात मशीद नाही. उर्दू शाळेतल्या चौतीस मुलांनी वसवलेल्या गावात मशीद नाही! चौक काढणाऱ्या मुलाला मी विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "टीचर, ये नक्शा हॉल में लगनेवाला है ना? सब देखेंगे. मस्जिद डाले तो कोई ना कोई कुछ बोलेंगा."

जे गाव नाहीच, त्या गावातही हा मुलगा जपून पाऊल टाकत होता. त्याच्या त्या एका वाक्याने मला या विषयावर लिहायला बसवले. पण हा लेख त्या मुलावर नाही. ज्या निर्मितीवरून मला हा उपक्रम सुचला तिच्यावर आहे.

ती निर्मिती म्हणजे ओपनजिओफिक्शन. नावाचा अर्थ मराठीत 'खुला कल्पित भूगोल' असा करता येईल. खऱ्या जगाचा नकाशा लोकांनी लोकांसाठी काढावा, म्हणून २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. ज्याला आपल्या गल्लीची माहिती आहे त्याने ती नकाशात भरावी, अशी ती कल्पना. तेच तंत्र घेऊन थिलो श्टाफ यांनी २०१२ साली दुसरा खेळ मांडला. इथला नकाशा पृथ्वीचा नाही, एका कल्पित ग्रहाचा आहे. त्यावर उलेथा, अर्कांता, तारेफिया अशी खंडे आहेत, खंडांत देश आहेत आणि देशांत शहरे आहेत. निरनिराळ्या देशांतली माणसे आपापल्या संगणकावर बसून हे जग एकेक गल्लीने वाढवीत आली आहेत. काही मुलूख एकेकाच्या हवाली केलेले असतात, काही सर्वांनी मिळून भरायचे असतात.

काम कसे चालते तेही सांगितले पाहिजे, कारण या कलेचा स्वभाव तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. आधी एक बिंदू द्यायचा. बिंदूला बिंदू जोडून रेघ करायची. मग त्या रेघेला ओळख द्यायची. हा राज्यमार्ग, हा पाणंद रस्ता, हा ओढा, ही लोहमार्गाची कड. रेघ फिरून आपल्याच टोकाला मिळाली की क्षेत्र होते. हे शेत, हे तळे, ही इमारत. हजारो बिंदूंनंतर एक शहर उभे राहते. नियम कडक आहेत. जादू चालत नाही, उडते किल्ले चालत नाहीत, राक्षस चालत नाहीत. आजच्या जगात जे शक्य आहे तेवढेच काढायचे. नदी चढावर वाहता कामा नये, आगगाडी काटकोनात वळता कामा नये. माणसाने इतक्या मेहनतीने जे निर्माण केले ते शेवटी दिसते कसे? अगदी खऱ्या नकाशासारखे. माहीत नसलेल्या माणसाने पाहिले तर तो एखाद्या परक्या देशाचा नकाशा समजेल आणि पुढे जाईल.

आता याला साहित्य म्हणायचे का? आमचे समीक्षक म्हणतील, यात कथा नाही, पात्र नाही, संघर्ष नाही. हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. मला तसे वाटत नाही. मी उर्दू वाचत वाढले. ज्याने दास्तान ऐकली आहे त्याला नसलेल्या मुलखाचा भूगोल हा छंद वाटणार नाही.

'तिलिस्म-ए-होशरुबा' घ्या. दास्तान-ए-अमीर हमजाचा हा सर्वांत गाजलेला भाग. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हमजाची दास्तान छापायला घेतली आणि ती शेहेचाळीस खंडांपर्यंत गेली. होशरुबाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. त्यांच्या आधी कितीतरी दास्तानगो हा मुलूख तोंडी वाढवीत आले होते. म्हणजे हे जग एका लेखकाचे नाही. एकाने डोंगर उभा केला, दुसऱ्याने त्याच्या पायथ्याला शहर वसवले, तिसऱ्याने त्या शहरातल्या मलिकेला पळवून नेले. आणि भूगोल किती पक्का! तिलिस्माचे तीन भाग आहेत. दिसणारा तो जाहिर, लपलेला तो बातिन आणि अंधाराचा तो जुल्मात. जाहिर आणि बातिन यांच्यामधून वाहत्या रक्ताची नदी जाते. तिच्यावर धुराचा पूल आहे आणि पुलावर धुराचेच सिंह पहारा करतात. अफरासियाब बादशहा कुठून कुठे गेला हे ऐकणाऱ्याला समजते, कारण वाट ठरलेली आहे. अमर अय्यार कितीही चलाख असला तरी त्याला तो पूल ओलांडावाच लागतो. भूगोलाचा हा धाक नसता तर दास्तानीत नुसती जादू उरली असती आणि जादूचा चार पानांत कंटाळा येतो.

याच्याही मागे जाता येते. अल्-इद्रीसीने सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात बसून ११५४ साली जगाचा नकाशा आणि त्याचा ग्रंथ पुरा केला. त्या नकाशात दक्षिण वर आहे, उत्तर खाली. वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांना, खलाशांना, मुसाफिरांना विचारून, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून त्याने तो केला. अनेकांच्या ज्ञानातून एक नकाशा, ही कल्पना संगणकाच्या पोटातून आलेली नाही. त्या काळच्या अरबी भूगोलग्रंथांत बगदाद आणि दमास्कस यांच्या जोडीला वाकवाक नावाचे बेटही असायचे आणि सगळ्या पृथ्वीला वेढून कोहकाफ उभा असायचा. खरे आणि कल्पित एकाच कागदावर नांदत होते. भूगोलाच्या तासाला मी कोहकाफचे नाव काढले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात, कारण ते नाव त्यांनी नानीच्या तोंडून ऐकलेले असते. होकायंत्राआधी त्यांच्या डोक्यात तो डोंगर आलेला असतो.

आणि इब्न-ए-सफी! माझ्या अब्बांच्या पेटीत इस्त्री केलेल्या शेरवानीखाली 'जासूसी दुनिया'चे अंक असत. अलाहाबाद जिल्ह्यात १९२८ साली जन्मलेल्या या लेखकाने १९५२ मध्ये ही मालिका सुरू केली आणि १९५५ मध्ये इम्रानला जन्म दिला. त्यांनी शकराल नावाचा डोंगरी मुलूख निर्माण केला, झीरोलँड नावाची एक अदृश्य सत्ता निर्माण केली. अब्बा शकरालबद्दल असे बोलायचे की मला कितीतरी वर्षे ते अफगाणिस्तानच्या शेजारचे खरे ठिकाण वाटत होते. १९६० ते १९६३ या काळात इब्न-ए-सफी आजारी होते. तेव्हा त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन इतरांनी कादंबऱ्या खपवल्या, आणि पुढे इम्रानवर तर कितीजणांनी लिहिले. याला चोरी म्हणता येईल आणि ती होतीही. पण वाचकाच्या बाजूने पाहा. त्याला त्या मुलखातून बाहेर पडायचे नव्हते. लेखक थांबला तरी त्याला चालत राहायचे होते. ओपनजिओफिक्शनने याच भुकेला रीतसर वाट करून दिली आहे. इथे प्रत्येक वाचक थोडा थोडा लेखक आहे.

मराठीत नसलेल्या गावाची परंपरा वेगळ्या वळणाची आहे. आपल्याकडे कल्पित गाव बहुधा खऱ्या गावाचा बुरखा घालून येते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) माणदेशातल्या लेंगरवाडीवरून उभी राहिली. मास्तरकी करणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांनी पाहिलेली ती वाडी मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी पाठ झाली होती. शाळा कुठे, चावडी कुठे, तालीम कुठे बांधली, हे मी कागदावर काढू शकते. इंग्रजीत आर. के. नारायण यांनी १९३५ पासून मालगुडी वसवले, आणि पुढे एका अमेरिकन अभ्यासकाने कादंबऱ्यांतल्या उल्लेखांवरून त्या गावाचा नकाशाच तयार केला. म्हणजे चांगल्या कादंबरीच्या पोटात नकाशा असतोच. ओपनजिओफिक्शनमध्ये उलटे घडले आहे. नकाशा आहे, त्याच्या पोटात कादंबरी आहे का, हे शोधायचे आहे.

मी ती शोधली. कित्येक संध्याकाळी मोबाईलच्या लहानशा पडद्यावर त्या खंडांतून फिरले. मला जे गुण दिसले ते आधी सांगते.

पहिला गुण सबुरीचा. आपल्याकडे चार कविता झाल्या की संग्रह काढायची घाई असते. इथे एखादा माणूस एका कल्पित शहराच्या सांडपाण्याच्या ओढ्यावर महिनाभर काम करतो. त्याला पारितोषिक नाही, मानधन नाही. दुसरा गुण तपशिलाच्या शिस्तीचा. शहर काढायचे म्हणजे पाणी कुठून येते, कचरा कुठे जातो, मजूर कुठे राहतो, मालगाडी कुठे थांबते याचा विचार करावा लागतो. आमच्या ग्रामीण कथेत कितीदा तरी गाव येते आणि त्या गावात पाणी कुठले पितात हे शेवटपर्यंत कळत नाही! तिसरा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. तो शेजाराचा आहे. तुमचा देश तुमचा, पण तुमची नदी शेजारच्या देशातून येते. वरच्याने प्रवाह कुठे सोडला ते पाहूनच खालच्याला तो पुढे न्यावा लागतो. हमरस्ता सीमेवर येऊन भिंतीत घुसता कामा नये. त्यासाठी परस्परांना विचारावे लागते, कधी आपली काढलेली रेघ मागे घ्यावी लागते. नसलेल्या सरहद्दीवर बसून खरी माणसे शेजारधर्म शिकतात. खऱ्या सरहद्दींचा इतिहास पाहिला तर ही गोष्ट लहान नाही.

आता दोष.

या नकाशात माणूस नाही. घर आहे, घरातली माणसे नाहीत. रस्ता आहे, त्या रस्त्याने कोण गेले आणि कोणाला जाऊ दिले नाही ते नाही. काहीजण आपल्या देशांचे इतिहास लिहून ठेवतात हे खरे, पण नकाशा स्वतः त्याबद्दल मुका आहे. दास्तानीत भूगोल पक्का होता, तरी तो कोणाच्या तरी पायाखाली होता. अमर अय्यारला पूल ओलांडायचा होता म्हणून पुलाला अर्थ होता. इथे पूल आहे आणि ओलांडणारा कोणी नाही. त्यामुळे फिरता फिरता एक पोकळी जाणवू लागते. संचारबंदी लागलेल्या शहरात फिरल्यासारखे वाटते.

दुसरा दोष वास्तवाच्या व्याख्येचा. वास्तव असावे हा नियम चांगला, पण कोणाचे वास्तव? मी पाहिले त्या भागांत रुंद हमरस्ते होते, मोठाले चौक होते, गाड्या उभ्या करायच्या जागा होत्या, आखीव वसाहती होत्या. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचे ते वास्तव आहे. आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वर्गातली काही मुलेही आईबापांबरोबर जातात. कारखान्याच्या हद्दीत कोप्या पडतात, चार-पाच महिने तिथे शेकडो माणसांचे गाव असते आणि उन्हाळ्यात ते गाव नाहीसे होते. हे गाव कोणत्या रंगाने दाखवायचे? नकाशाला कायमचे आवडते. जे हंगामी आहे, जे उठवले जाते, जे कोणाच्याच नावावर नाही ते त्याच्या बिंदूत सापडत नाही. हा दोष कल्पित नकाशाने खऱ्या नकाशाकडून घेतला. तलाठ्याकडचा गावनकाशा बघा. त्यात गट नंबर आहेत, बांध आहेत, पण त्याच जमिनीला गावकरी ज्या नावाने ओळखतात, ते पिराचे शेत, ती म्हातारीची विहीर, त्यातले काही नाही. खऱ्या नकाशाला सरकारी बंधन आहे. कल्पित नकाशाला कोणते होते?

तिसरा दोष निर्मात्यांचा नाही, या प्रकाराचाच आहे. कोरा कागद कोरा नसतो. इंग्लंडमध्ये हॉवर्थ गावच्या धर्मोपदेशकाच्या घरात ब्राँटे भावंडे वाढली. १८२६ साली वडिलांनी भावासाठी लाकडी शिपाई आणले आणि शार्लट, ब्रॅनवेल, एमिली, ॲन या चौघांनी त्या शिपायांसाठी ग्लास टाऊन नावाचे राज्य वसवले. मिळून केलेल्या कल्पित जगाचे यापेक्षा गोड उदाहरण सापडणार नाही. ब्रॅनवेलने त्याचा नकाशाही काढला. पण ते राज्य त्यांनी कुठे वसवले? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथले मूळचे अशांती लोक त्या खेळात शत्रू झाले. लहान वयाची निष्पाप मुले खेळत होती आणि त्यांच्या खेळात त्यांच्या काळाचे साम्राज्य येऊन बसले होते. मोकळी जमीन समजून त्यांनी ज्यावर घर बांधले ती दुसऱ्याची होती. माझ्या वर्गातल्या मुलाने मशीद काढली नाही, तेव्हा तेच उलट्या बाजूने घडत होते. ब्राँटे भावंडांच्या कल्पनेत सत्तेचा विश्वास होता. या मुलाच्या कल्पनेत नजरेचा धाक होता. दोघांचाही कागद त्यांच्या आधीच कोणीतरी लिहून ठेवलेला.

मग कल्पित नकाशाचा उपयोग काय? याचे उत्तर मला रुकय्या सखावत हुसैन यांच्याकडे मिळाले. बंगालच्या या मुस्लिम लेखिकेने १९०५ साली 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा लिहिली. मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात ती आली. तिच्यात एक देश आहे. त्या देशात पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बायका मोकळ्या रस्त्याने चालतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी खेचून घेतले जाते, रस्त्यावर पाऊल ठेवावे तर मखमलीसारखी हिरवळ. कथेतली सुलताना तिथे पहिल्यांदा रस्त्यावर येते तेव्हा ती लाजते, बुजते. हीच त्या कथेची खरी जागा आहे. नसलेल्या देशातसुद्धा तिच्या पायांत असलेल्या देशाची बेडी वाजते. पण रुकय्या तिला परत पाठवत नाहीत, पुढे चालायला लावतात. त्या स्वतः स्वप्न पाहून थांबल्या नाहीत. १९११ साली कोलकात्यात त्यांनी मुस्लिम मुलींची शाळा चालू केली. कल्पित नकाशाचे काम हेच. बेडी कुठे वाजते ते दाखवणे, आणि तरी चालवणे.

या कसोटीवर ओपनजिओफिक्शन अर्धेच उतरते. त्याने जग जसे आहे तसे, फक्त दुसऱ्या नावांनी, उभे केले. जग जसे असावे त्याची एखादी गल्लीही मला त्यात ठामपणे भेटली नाही. जादूला बंदी घालताना त्यांनी स्वप्नालाही दाराबाहेर उभे केले की काय, अशी शंका येते.

पण दुसऱ्याच्या नकाशातले दोष दाखवणे सोपे आहे. आता आपला कागद उलगडू या. मराठी साहित्याच्या नकाशावर मुसलमान कुठे राहतो? ऐतिहासिक कादंबरीत तो फौज घेऊन सीमेपलीकडून येतो. ग्रामीण कथेत तो मुलाणी किंवा तांबोळी होऊन गावाच्या एका कडेला राहतो, कथेला गरज पडली की येतो, काम झाले की जातो. त्याच्या घराच्या आत चूल आहे की नाही ते दिसत नाही. आमच्याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला, माणसाच्या अंतरंगातच रणभूमी मांडली, तीही मराठीत. तो मुलूख आमच्या पाठ्यपुस्तकाच्या नकाशावर किती ठळक आहे? हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातले गाव आतून दिसले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्यानंतर मोहल्ला मोहल्लेवाल्यांनी लिहायला घेतला. हे फार मोठे काम झाले. पण एक तक्रार मला याच अंकाच्या पानांवर, आपल्याच माणसांपुढे मांडायची आहे.

आपण काढलेला मोहल्लाही अर्धा आहे. त्यात मशीद आहे, चहाचे हॉटेल आहे, पानाची टपरी आहे, दंगलीत जळालेले दुकान आहे. म्हणजे पुरुष जिथे जिथे बसतात ती सगळी ठिकाणे आहेत. मागच्या दाराने मागच्या दारात जाणारी वाट नाही. धाब्यावरून धाब्यावर होणारे बोलणे नाही. शिलाई मशीन जिथे चालते ती खिडकी नाही. नळाला पाणी येते तेव्हा पहाटे चारला जो चौक भरतो तो चौक नाही. आमच्या बायकांना गाव ठाऊक नसते असे नाही, त्यांचा नकाशा वेगळा असतो आणि तो कोणी मागत नाही. शिवाय आपला मोहल्ला फार वेळा फक्त जखमेपुरता येतो. जखम लिहिलीच पाहिजे. पण आपल्या लेखकाला कोऱ्या कागदावर एक गाव वसवायला सांगितले तर तो काय काढील? आपण काय सोसले हे आपल्याला लिहिता येते. आपल्याला काय हवे हे लिहिताना हात अडखळतो. माझ्या वर्गातल्या मुलाचा हात अडखळला तसाच.

नावांचेही तसेच. कल्पित नकाशात नाव देण्याचा हक्क काढणाऱ्याचा असतो, आणि एखादी गल्ली काढण्यापेक्षा तिला नाव देताना माणूस जास्त वेळ घेतो असे माझ्या वर्गात दिसले. खऱ्या नकाशात हा हक्क सत्तेचा असतो. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव बदलले, २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचे. अहिल्याबाईंबद्दल मला आदर आहे आणि वर्गात त्यांचा धडा मी मनापासून शिकवते. पण नाव बदलताना जुन्या नावाच्या माणसांना कोणी विचारत नाही, हे मुलांच्या लक्षात येते. मुले पत्ता लिहिताना थबकतात. दुसऱ्याने काढलेले खोडायचे नाही, हा आमच्या चार्ट पेपरचा पहिला नियम होता. तो नियम मुलांना शिकवावा लागला नाही, लगेच पटला. मोठ्यांना तो का पटत नाही हे त्यांनी मला विचारले नाही. विचारले असते तर मी काय सांगितले असते, हे मला ठाऊक नाही.

माझी सूचना साधी आहे. नसलेल्या गावाचा नकाशा हा वाङ्मयप्रकार आपण हलका समजू नये. त्याला संगणकच लागतो असे नाही. चार चार्ट पेपर, खडू आणि तीस मुले पुरतात. आपल्या लेखकांनी, विशेषतः लिहू लागलेल्या मुलींनी, एखादे गाव मिळून वसवून पाहावे. एकीने विहीर काढावी, दुसरीने विहिरीवरचे भांडण लिहावे, तिसरीने ते भांडण मिटवणारी म्हातारी आणावी. दास्तानगोंची ती रीत होती. ओपनजिओफिक्शनकडून सबुरी आणि शेजार घ्यावा, दास्तानीकडून पूल ओलांडणारा घ्यावा, रुकय्यांकडून पुढे चालण्याची हिंमत घ्यावी. मराठी आपली आहे, उर्दू आपली आहे, गावही आपलेच असेल.

आमच्या कागदाचे पुढे काय झाले ते सांगून थांबते. मी त्या मुलाला मशीद काढ असे म्हटले नाही. तो त्याचा कागद होता. मी एवढेच विचारले की कब्रस्तान आहे तर जनाजा कुठून निघेल? वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, बाजार के पीछे जगा है. पर हमारे को भी अंदर जाने का रस्ता होना." त्यावर मुलांची बरीच वादावादी झाली. देवळाच्या यात्रेची वाट आडवी येत होती, ती थोडी वळवावी लागली, आणि ज्याने ती काढली होती त्याने ती स्वतःच वळवून दिली. शेवटी त्या मुलाने बाजाराच्या मागे एक लहानसा चौकोन काढला, त्याला दोन दारे केली आणि एक मिनार उभा केला.

बाकी सगळे गाव स्केच पेनने काढलेले आहे. तो चौकोन पेन्सिलीने आहे. कागद गुंडाळून वर्गाच्या कपाटावर ठेवला आहे. हॉलमध्ये तो अजून लागलेला नाही. मधूनमधून तो मुलगा कपाटाकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. पेन्सिलीवर पेन फिरवायचे की नाही हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. ते त्याने ठरवावे असे मला वाटते. पण त्याने एकट्याने ठरवावे असे वाटत नाही, म्हणून हे लिहिले.